कुलूचा लोटा

कुलूचा लोटा : मिरवणुकीचे चित्र कोरलेले प्राचीन भारतीय धातूचे जलपात्र. १८५७ साली मेजर हे या ब्रिटिश अधिकाऱ्याला ते कुलूलगतच्या लाहौलमधील गुंडला येथे, दरड कोसळल्याने उघड्या पडलेल्या बौद्ध वास्तूच्या अवशेषांत मिळाले. सध्या ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. घडण आजच्या तांब्या-लोट्यासारखीच आहे. दोन हजार वर्षांत रोजच्या वापरातल्या या भांड्याचा घाट जवळजवळ बदललेला नाही, ही गोष्ट चित्राइतकीच मोलाची आहे.

पोटाभोवती हत्तीवरचा स्वार, चार घोड्यांचा रथ, दोन घोडेस्वार आणि वीणा व बासरी वाजवणाऱ्या स्त्रिया कोरल्या आहेत.

या चित्राचा सर्वांत गाजलेला अर्थ बेळगावात १८३२ साली जन्मलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी लावला. ते मुंबईच्या सरकारी संग्रहालयाचे (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) अभिरक्षक होते. ‘द इंडस्ट्रिअल आर्ट्स ऑफ इंडिया’ (१८८०) या ग्रंथात त्यांनी रथातील पुरुष म्हणजे राजपुत्र सिद्धार्थ आणि हत्तीवरचा स्वार म्हणजे पुढे चालणारा राज्याधिकारी, असे सांगितले. लोट्याचा काळ त्यांनी इ. स. २०० ते ३०० मानला. आता तो इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासचा मानला जातो.

काळ मागे सरकला की अर्थही डळमळतो. सांचीच्या पूर्व तोरणावर सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा प्रसंग आहे. तिथे त्याच्या कंथक घोड्याची पाठ रिकामी असून वर फक्त छत्र धरले आहे. ज्या काळात शिल्पी सिद्धार्थाला देहरूपात दाखवणे टाळत होते, त्या काळातला कारागीर त्याला रथात बसवील, हे पटणे कठीण. बुद्धाच्या पूर्वजन्माची कथा सांगणाऱ्या वेस्सन्तर जातकातही हत्ती, रथ आणि चार घोडे येतात. पण तिथे ते एकेक करून दान दिले जातात. लोट्यावर दानाची खूण नाही. भांडे बौद्ध वास्तूत सापडले एवढ्यावरून चित्रही बौद्ध कथेचेच असले पाहिजे, असे नाही.

महाराष्ट्रात याच प्राण्यांची जोडी भाजे येथील बौद्ध लेण्यांतल्या विहाराच्या ओसरीत, दाराच्या दोन्ही बाजूंना आहे. एकीकडे चार घोड्यांचा रथ, दुसरीकडे भव्य हत्ती. त्यांना बहुतेकांनी सूर्य आणि इंद्र मानले, तर काही अभ्यासकांनी चक्रवर्ती मांधात्याची कथा पाहिली. भाजे येथे निदान रथाखाली चिरडल्या जाणाऱ्या आकृतींचा आणि हत्तीने उपटलेल्या झाडाचा आधार आहे. लोट्यावर तसले काही नसल्याने त्याचे घोडे सूर्याचे किंवा हत्ती ऐरावत म्हणता येत नाही.

याच सुमाराच्या सातवाहन राजांच्या नाण्यांवर हत्ती, सिंह असे प्राणी एकेकटे, राजचिन्हासारखे उभे असतात. लोट्यावरचे प्राणी मात्र माणसांच्या कामाला जुंपलेले आहेत. घोडे रथ ओढतात, हत्ती स्वाराला वाहतो, वाद्ये सोबत आहेत. भारहूतच्या शिल्पात प्रसेनजित राजाही चार घोड्यांच्या रथातूनच येतो, त्यामुळे राजाची किंवा एखाद्या श्रीमंताची थाटाची सवारी हा सर्वांत साधा अर्थ इथे सर्वांत भक्कम ठरतो. चित्रपट्टी गोल फिरते, म्हणून मिरवणुकीच्या आघाडीला कोण, हे पाहणारा कोठून सुरुवात करतो यावरही अवलंबून राहते. हत्तीस्वाराला बर्डवुड यांनी दिलेला हुद्दा मुख्यतः या क्रमावर टेकलेला आहे.

याच बर्डवुड यांनी १९१० साली लंडनमध्ये भारतात ललितकला आहे हेच नाकारले आणि जाव्यातील बुद्धमूर्तीची हेटाळणी केली. त्या वादातून तिथे इंडिया सोसायटी स्थापन झाली. लोट्याच्या कारागिरीला मात्र त्यांनी आपल्या ग्रंथात मानाचे स्थान दिले होते.