धातूच्या घरांतला आगंतुक

शाळेंत रसायनाचा तास घेतांना मी मुलांना निःशंकपणें सांगत असें कीं, हजारांत नऊशें नव्याण्णव भाग शुद्ध असलेला धातु शुद्धच समजावा. सोन्याच्या बाबतींत सराफहि तेंच म्हणतो. परंतु दुर्मिळ मृत्तिकांच्या धातूंचा इतिहास वाचला, आणि तें विधान मला मागें घ्यावें लागलें.

१७८७ सालीं स्वीडनमधील इटर्बी गांवच्या खाणींत आऱ्हेनियस नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यास एक काळा, जड दगड सांपडला. फिनलंडमधील ऑबो येथील योहान गादोलिन यांनीं १७९४ सालीं त्यांत नवी ‘मृत्तिका’ दाखवून दिली. मृत्तिका म्हणजे धातूचें भस्म. या धातूंना प्राणवायूची ओढ एवढी कीं, एकदां धरलेला तो सहजासहजीं सुटत नाहीं. इटर्बियमचीच गोष्ट घ्या. मारिन्याक यांनीं त्याचा शोध १८७८ सालीं लावला. जवळजवळ शुद्ध धातु हातीं आला तो १९५३ सालीं! मधलीं पाऊणशें वर्षें त्याचे गुणधर्म खात्रीनें सांगणें शक्यच नव्हतें.

हें शुद्धीकरण साधलें अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत, एम्स येथें, फ्रँक स्पेडिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं. मातीची मूस घ्यावी, तर तापलेला धातु तिच्यांतलाच प्राणवायु ओढून घेई. म्हणून टँटलम धातूच्या मुशी वापराव्या लागल्या.

आतां हा प्राणवायु सर्वच वेळीं भस्म होऊन दिसत नाहीं, हें मुख्य. स्फटिकांत मोठ्या परमाणूंच्या रांगांमध्यें लहान पोकळ्या असतात, त्यांत तो निमूटपणें जाऊन बसतो. एम्स येथीलच जॉन कॉर्बेट यांनीं पांचास तीन या प्रमाणांतील आंतरधातुक संयुगें तपासलीं, तेव्हां दोन धातूंचीं म्हणून नोंदलेलीं कांहीं संयुगें अशा तिसऱ्या पाहुण्याच्या आधारानें उभीं असल्याचें आढळलें. पंगतींत कोणी न बोलावतां बसावें आणि यजमानानें पानेंच मोजूं नयेत, तसें झालें होतें.

याची किंमत पुढें कळली. १९९७ सालीं तेथेंच विताली पेचार्स्की व कार्ल ग्श्नायडनर यांनीं पांच भाग गॅडोलिनियम, दोन सिलिकॉन व दोन जर्मेनियम यांचें संयुग केलें. चुंबकाच्या प्रभावाखालीं तें तापे, प्रभाव काढला कीं थंड होई. सुमारें ३ अंश सेल्सियसच्या आसपास त्याचा हा परिणाम नुसत्या गॅडोलिनियमच्या मानानें फारच मोठा होता. वायूविना चालणाऱ्या शीतपेटीची आशा त्यामुळें बळावली. पण बाजारी गॅडोलिनियम घेऊन केलेल्या गोळ्यांत तो प्रचंड परिणाम येईना! चुंबकत्वाबरोबर स्फटिकाची ठेवणहि एकदम पालटे, त्यांतच सारें बळ होतें. कार्बन, नत्र, प्राणवायु यांच्या घुसखोरीनें ती पालटच मोडली.

येथें माझें गणित चुकलें होतें. गॅडोलिनियमचा परमाणुभार १५७, प्राणवायूचा १६. म्हणजे वजनानें हजारांत एक भाग प्राणवायु असला, तरी परमाणूंच्या गणतींत तो शंभरांत जवळजवळ एक भरतो. तराजूला जें नगण्य, तें स्फटिकाला दर शंभर घरांमागें एक आगंतुक. ग्श्नायडनर यांचा आग्रह असे कीं, या धातूंची शुद्धता वजनानें नव्हे, परमाणूंच्या संख्येनें सांगावी.