स्तनाचा कर्करोग : पेशींची साखरेची भूक आणि लेपित नॅनोकण

"आईला केमोऐवजी नॅनो उपचार देता येतील का?" हा प्रश्न हल्ली नातेवाईक बरेचदा विचारतात.

आधी पेशींबद्दल. निरोगी पेशी ऑक्सिजनच्या मदतीने ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन करतात. कर्करोगाच्या अनेक पेशी मात्र ऑक्सिजन असूनही ते अर्धवट वापरून त्याचे लॅक्टिक आम्ल बनवतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात हे दाखवले. या पद्धतीत ऊर्जा कमी मिळते, म्हणून पेशी ग्लुकोज जास्त ओढतात. पेट स्कॅनमध्ये गाठ उठून दिसते ती यामुळेच. (साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही, यकृत रक्तातले ग्लुकोज टिकवून धरते. जेवण तोडल्याने रुग्णच अशक्त होतो.)

हा मार्ग रोखणारी औषधे आहेत. त्यातले एक २-डीजी, कोविडमध्ये २०२१ साली गाजलेली पावडर. अडचण अशी की मेंदूही ग्लुकोजवरच चालतो. त्यामुळे औषध गाठीपर्यंतच नेण्यासाठी नॅनोकणांचा विचार झाला. हे कण केसाच्या जाडीच्या साधारण हजारपट लहान असतात. त्यांच्यावर पीईजीचा लेप दिला तर प्रतिकारशक्तीच्या पेशी त्यांना लवकर ओळखत नाहीत. हायल्युरोनिक आम्लाचा लेप स्तनाच्या कर्करोगाच्या अनेक पेशींवर जास्त असलेल्या सीडी४४ या प्रथिनाला चिकटतो. काही लेप गाठीभोवतीच्या आम्लतेत विरघळतात आणि औषध तिथेच सुटते.

प्रयोगशाळेत आणि उंदरांत हे चांगले दिसते. पण बरेचसे कण यकृत आणि प्लीहेत अडकतात. २०१६ च्या एका आढाव्यानुसार प्राण्यांना टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचणारा भाग एक टक्क्याहूनही कमी होता. त्यामुळे चयापचयावर नेम धरणारे लेपित कण आज स्तनाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांत नाहीत.

मात्र केमोची नॅनो रूपे वापरात आहेत : अल्ब्युमिनला जोडलेले पॅक्लिटॅक्सेल (अमेरिकेत २००५ पासून) आणि लायपोसोममधील डॉक्सोरुबिसिन. पहिल्यात ॲलर्जी आणणारे द्रावक लागत नाही, दुसऱ्यात हृदयावरचा ताण कमी होतो. तरी ती केमोच आहेत.

दुकानात मिळणारे "नॅनो" पूरक म्हणजे हा उपचार नव्हे. त्यासाठी चालू केमो थांबवू नका. कुणी चाचणीत सहभागी व्हायला सांगितले, तर सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागा आणि संमतीपत्र घरी नेऊन वाचा.