दुसरी लाइन : रामबागेतल्या एका घराची नोंद

इंदूरच्या रामबागेतलं आमचं घर या पावसाळ्यानंतर पाडायचं ठरलं आहे. आपल्या मंडळाच्या रिवाजाप्रमाणे मी घराचा नकाशा काढला, दारं-खिडक्या मोजल्या, कोनाडे मोजले. शेवटी राहिलं वायरिंग. भिंतींवर दोन ओळी दिसल्या. एक लाकडी पट्टीवरून गेलेली जुनी, आणि तिच्या शेजारून प्लास्टिकच्या पट्टीतली दुसरी. पहिली विजेची. दुसरी वीज गेल्यावरची, म्हणजे इन्व्हर्टरची. पहिलीबद्दल कुठे ना कुठे लिहिलेलं सापडतं, म्हणून हे टिपण दुसरीचं.

इंदुरात वीज आली १९०६ साली, होळकरांच्या राज्यात. पुढे १९६० मध्ये चंबळ नदीवर गांधीसागर धरण झालं आणि तिथली ११५ मेगावॉट वीज मध्य प्रदेश आणि राजस्थानला मिळू लागली. तरी लाइट जायचीच. आमच्याकडे त्यासाठी दोन कंदील, तीन चिमण्या आणि रेशनच्या घासलेटचा डबा असे. संध्याकाळी काचा राखेने पुसून ठेवायच्या, वाती कापायच्या. घरातला बॅकअप म्हणायचा तर एवढाच.

हे पुरेनासं झालं ते २००० नंतर. त्या वर्षी १ नोव्हेंबरला छत्तीसगड वेगळं झालं. कोरब्याची औष्णिक वीजकेंद्रं तिकडे गेली आणि वीज वापरणारी बहुतेक शहरं व शेतीपंप इकडे राहिले. तूट आधीपासून होती, ती आता घरात जाणवायला लागली. ‘कटौती’ हा हिंदी शब्द आमच्या मराठीत तेव्हापासून पक्का बसला. ‘आज कटौती किती वाजता?’ हे रोज सकाळी एकमेकांना विचारायचं. २००३ च्या विधानसभा निवडणुकीत ‘बिजली, सड़क, पानी’ हाच मुद्दा झाला आणि सरकार बदललं.

आमच्या घरी इन्व्हर्टर आला २००२ च्या जानेवारीत. दादाची बारावीची परीक्षा मार्चमध्ये होती. वायरमननं विचारलं, “बाबूजी, कौन-कौन से पॉइंट लेना है?” बाबांनी पाटीवर हिशेब मांडला. बॅटरी १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची. कागदावर १८०० वॉट-तास होतात, पण थोडी वीज इन्व्हर्टरच खातो आणि बॅटरी पार उतरवायची नसते. हाताशी साधारण १२०० धरायचे. चोकसकट एका ट्यूबलाइटला ५० वॉट, पंख्याला ७०. बैठकीची ट्यूब आणि पंखा, अभ्यासाच्या खोलीची ट्यूब आणि पंखा, मिळून २४०. म्हणजे पाच तास. तेवढंच पाहिजे होतं.

स्वयंपाकघर त्यात नव्हतं. तिथली एक ट्यूब घेतली असती तर पाचाचे जेमतेम चार तास झाले असते. शिवाय बाबांना धास्ती, की तिथे लाइन गेली तर कोणी चुकून त्यावर मिक्सर लावेल. दोन्ही कारणं बरोबरच होती. आईला मात्र कोणी विचारलं नाही.

नकाशा काढताना दुसरी ओळ स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी थांबलेली दिसली, तेव्हा हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. संध्याकाळच्या कटौतीत आई ओट्याच्या कोपऱ्यात कंदील ठेवून पोळ्या करायची. मी दहा पावलांवर ट्यूबच्या उजेडात बसलेली असायची. तिच्या मनगटावर तव्याचा डाग आहे, तो त्याच वर्षांतला.

परवा आईला विचारलं, “तेव्हा बोलली का नाहीस?”

ती म्हणाली, “काय बोलायचं? कंदील होता की. आणि तुमची बॅटरी बसली की तोच कंदील तुमच्या खोलीत कोण आणून ठेवत होतं?”

खरंच आहे. बॅटरी रिकामी झाली की भरायला आठ-दहा तास लागत, आणि लाइट आली तरी व्होल्टेज कमी असे. सकाळची भरपाई व्हायच्या आत संध्याकाळची कटौती यायची. अर्धवट भरून पुन्हा उतरणाऱ्या बॅटरीच्या प्लेटा लवकर खराब होतात. पाच तासांची बॅटरी दुसऱ्या उन्हाळ्यात दोन तासांवर आली. दर दोन महिन्यांनी तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं कामही आईकडेच होतं, कारण ते लक्षात तिलाच राहायचं.

पुढे नर्मदेवर पुनासाजवळ इंदिरासागर झालं. २००५ पर्यंत त्याची आठही यंत्रं चालू झाली, क्षमता १००० मेगावॉट. आमच्याकडे लाइट बरी राहू लागली. त्याच धरणासाठी २००४ मध्ये खंडवा जिल्ह्यातलं हरसूद हे अख्खं गाव उठलं होतं, हेही या नोंदीत असायला पाहिजे.

घरांच्या नोंदी घेणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. जुनं घर पाडण्याआधी दुसरी लाइन कुठून कुठे गेली ते नकाशात दाखवा. कोणत्या साली ओढली, कोणते पॉइंट घेतले, कोणते सोडले आणि ठरवलं कोणी, हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा. आणि विचारायला बैठकीतून नको, स्वयंपाकघरातून सुरुवात करा.