उडत्या मोटारीला नियमांनी अडवलं का?

प्रपोजल लिहिताना मीही एक वाक्य ठोकून दिलं होतं: सरकारी नियमांमुळे उडती मोटार लोकांपर्यंत पोचलीच नाही. मॅडमनी एवढंच विचारलं, "वर्षं लावून बघितलीस का?" बघितली, आणि वाक्य खोडावं लागलं.

अमेरिकेत मोल्टन टेलर यांची 'एरोकार' १९४९ साली उडाली. उतरल्यावर पंख आणि शेपूट काढून ट्रेलरसारखी मागे जोडायची, की तीच गाडी रस्त्यावर धावायची. विमान म्हणून तिला सरकारी प्रमाणपत्र मिळालं १९५६ मध्ये. सात वर्षं! तपासणी काही उगाच नव्हती म्हणा. १९४७ मध्ये सॅन डिएगोत कॉनव्हेअर कंपनीची उडती मोटार इंधन संपून खाली आली होती. उशीर झाला हे खरं, पण परवानगी तर मिळाली. पुढे एक कंपनी कारखान्यात एरोकार बनवायला तयार झाली. अट एकच: ५०० ऑर्डर आणा. जेमतेम निम्म्या आल्या. एकूण एरोकार बनल्या सहा.

आता एअर टॅक्सीवरच्या लेखांत माझं तेच खोडलेलं वाक्य पुन्हा दिसतं. मी समासात पेन्सिलीने लिहिते: प्रमाणपत्र कधी? गिऱ्हाइकं किती?