लिनक्सवरील ब्रेल नोटटेकर आणि मराठी

ब्रेल नोटटेकर म्हणजे ब्रेल कळा दाबून लिहिता येणारा, सोबत नेता येण्याजोगा छोटा संगणक. डीन ब्लेझी यांच्या १९८७ च्या ‘ब्रेल अँड स्पीक’वर लिहायचे ब्रेलमध्ये आणि लिहिलेले ऐकायचे आवाजात. पुढच्या यंत्रांत वरखाली होणाऱ्या ठिपक्यांची ओळ, म्हणजे ब्रेल डिस्प्ले, आली; तरी सॉफ्टवेअर निर्मात्याच्याच ताब्यात राहिले. मराठीची सोय करायची की नाही, हे तोच ठरवी.

लिनक्समुळे हे बदलू लागले. १९९५ मध्ये निखिल नायर यांनी सुरू केलेला ‘बीआरएलटीटीवाय’ हा मुक्त प्रोग्रॅम पडद्यावरचा मजकूर ब्रेल डिस्प्लेवर आणू लागला. त्याच्याच कोडमधून पुढे जॉन बॉयर यांच्या पुढाकाराने मजकूर ब्रेलमध्ये बदलणारी ‘लिबलुई’ ही लायब्ररी निघाली. तिच्यात प्रत्येक भाषेचे नियम प्रोग्रॅमबाहेर, साध्या तक्त्यात असतात. मराठीचाही तक्ता तिच्यात आहे. २००७ च्या सुमारास मार्क मल्काही यांच्या लेव्हलस्टार कंपनीने ‘आयकॉन’ हे लिनक्सवर चालणारे यंत्र बाजारात आणले.

अशा यंत्रासाठी मराठी अ‍ॅप लिहिताना अडचण येते ती जोडाक्षरांची आणि स्वरांची. युनिकोडमध्ये हलन्त व्यंजनानंतर येतो, तर भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये त्याचा चौथा ठिपका व्यंजनाआधी. ब्रेलमध्ये स्वर आणि त्याची मात्रा यांचे चिन्ह एकच असते; म्हणून ‘मऊ’ लिहिताना मध्ये ‘अ’ घालावा लागतो, नाहीतर ‘मू’ होते. त्यामुळे अ‍ॅपला एकेक अक्षर सुटे बदलून चालत नाही. मागचापुढचा संदर्भ पाहावा लागतो.

भारती ब्रेलची मांडणी १९५१ मध्ये ठरली, ती उच्चारावर. ‘क’साठी पहिला आणि तिसरा ठिपका, मग भाषा मराठी असो वा तेलुगू. तेलंगणातील वांकिडीसारख्या सीमेवरच्या गावात याचे मोल विशेष आहे. तिथल्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला दोन्ही भाषांसाठी ठिपक्यांची एकच ओळख पुरते. यंत्राला मात्र मजकूर देवनागरीत साठवायचा की तेलुगू लिपीत, हे सांगावे लागते. त्यामुळे भाषा बदलण्याची कळ सहज हाताशी असणे ही इथल्या अ‍ॅपची पहिली गरज ठरते.

किंमत हा अजूनही मोठा अडथळा आहे, कारण ठिपके हलवणारे पिझो सेल महाग पडतात. मुंबईच्या इनोव्हिजन कंपनीने चुंबकीय तंत्र वापरून वीस सेलचे ‘ब्रेलमी’ बनवले, ते हा खर्च कमी करण्यासाठीच. मुक्त सॉफ्टवेअरने मराठीची वाट मोकळी केली. ती घरोघरी पोहोचणे आता यंत्राच्या किमतीवर अवलंबून आहे.