एका कागदावर अनेक चेहरे

परीक्षेचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज म्हटला की पासपोर्ट आकाराचे दोन-तीन फोटो आणि ओळखपत्रासाठी स्टॅम्प आकाराचे आणखी दोन, अशी मागणी अनेकदा येते. यवतमाळ, पुसद वा वणीच्या स्टुडिओत हे सारे एकाच कागदावर छापून कापून घेता येतात. मजुरी करणाऱ्या घरालाही फोटो परवडावा, यामागे जी युक्ती आहे तिचे वय दीडशे वर्षांहून अधिक आहे.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेला कलोडियनचा लेप द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि ताबडतोब धुवायची. मग अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर ती काच दाबून ठेवून उन्हात छाप काढायची. काच कागदाला चिकटलेली असल्याने निगेटिव्ह जेवढी, फोटो तेवढाच. लहान फोटोला काच लहान लागे, पण लेप देणे, बुडवणे, धुणे ही मेहनत तेवढीच पडे. म्हणजे फोटो नुसता लहान केल्याने तो फारसा स्वस्त होत नव्हता.

पॅरिसच्या आंद्रे दिस्देरी याने १८५४ मध्ये यावर तोड काढून पेटंट घेतले. त्याच्या पद्धतीसाठी वापरात आलेल्या कॅमेऱ्याला चार भिंगे असत आणि काच सरकवता येई. अर्ध्या काचेवर चार चित्रे घ्यायची, काच सरकवून उरलेल्या अर्ध्यावर आणखी चार. लेप एकदा, धुणे एकदा, कागद एक. चेहरे मात्र आठ. ते कापून सुमारे ६×१० सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवत. ‘कार्त द व्हिजिट’ नावाचे हे फोटो १८६० च्या सुमारास जगभर पसरले.

याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सदस्य होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला व ‘कार्त’ आकाराची व्यक्तिचित्रेही काढली.

पुढे एन्लार्जर आला आणि एकाच निगेटिव्हवरून लहानमोठे फोटो काढता येऊ लागले. कागदाचा बाकीचा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकून एकेका भागावर प्रकाश पाडला, की निरनिराळ्या आकारांचे फोटो एकाच कागदावर येत. आज ही मांडणी संगणकावर होते, पण कागदाचे गणित सुटलेले नाही.

ते वर्गात करून पाहता येईल. ४×६ इंची कागद म्हणजे सुमारे १०.२×१५.२ सेंटिमीटर. त्यावर ३.५×४.५ सेंटिमीटरचे पासपोर्ट फोटो चार-चारच्या दोन ओळींत आठ बसतात, दिस्देरीच्या काचेइतकेच! त्यांनी कागदाचा ८१ टक्के भाग व्यापला जातो. आता पासपोर्ट फोटोंची एकच ओळ ठेवा. खाली २×२.५ सेंटिमीटरच्या स्टॅम्प फोटोंच्या सात-सातच्या दोन ओळी बसतात. तिन्ही ओळींची लांबी १४ सेंटिमीटरच भरते, एकूण फोटो होतात १८ आणि वापरलेला कागद ८६ टक्के. मोठ्यांच्या उरलेल्या जागेत लहान सामावले, म्हणून कचरा घटला.

कापड, पत्रा, प्लायवूड कापणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. रशियन गणिती लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये त्याची गणिती मांडणी केली. साधनांच्या इष्टतम वाटपाच्या सिद्धान्तासाठी त्यांना १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तुकड्यांची संख्या व आकार वाढले, की सर्वोत्तम मांडणी शोधणे संगणकालाही जड जाते.

विद्यार्थ्यांना जुन्या वहीचा पुठ्ठा द्या, दोन्ही आकारांचे तुकडे कापायला लावा आणि एक अट घाला: कात्रीचा प्रत्येक काप हाती असलेल्या तुकड्याच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत सरळ गेला पाहिजे. सहा पासपोर्ट फोटो हवे असतील, तर सोबत जास्तीत जास्त किती स्टॅम्प फोटो बसतील?