स्टाफा : एक दिवस, एक बोट आणि थोडा बफर

मंडळी, गेले दोन वीकेंड एका एक्सेल शीटपायी गेले. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात स्टाफा नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथली 'फिंगलची गुहा', शेजारचं आयोना आणि पफिन पक्ष्यांसाठी लुंगा, असं सगळं एका दिवसात बसवायचं होतं. बरोबर आई. ओबानहून 'आइल ऑफ मल'ला जाणारी फेरी, पाऊण तास. पुढे अरुंद रस्त्याने जवळजवळ ६० किलोमीटर. मग छोटी बोट. सगळे रकाने भरले, हिरवे केले. मग म्हटलं, आपल्याआधी ज्यांनी हीच ट्रिप केली त्यांचं काय झालं ते तरी वाचू या. वाचलं, आणि शीट पहिल्यापासून मांडायला घेतलं.

आधी गुहेबद्दल. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा हळूहळू थंड होत आकसला आणि त्याला भेगा पडल्या, आटलेल्या तळ्यातल्या चिखलाला पडतात तशा. फक्त इथे भेगा खोलवर गेल्या आणि बेसाल्टचे बहुतांशी षटकोनी खांब तयार झाले. लाटांनी ते खांब पोखरून साधारण ७० मीटर लांब आणि २० मीटर उंच गुहा कोरली. हे खांब बघायला स्कॉटलंडच गाठायला हवं असं नाही म्हणा. अंधेरीची गिल्बर्ट हिल तशाच खांबांची, वयाने थोडी मोठीच, साडेसहा कोटींच्या घरातली. पण तिच्यात समुद्र शिरत नाही.

या गुहेचा 'शोध' जोसेफ बँक्सने १७७२ साली लावला असं सांगतात. शोध कसला, योगायोग. कुकच्या पहिल्या सफरीत हा नाव कमावून आलेला. दुसर्‍या सफरीच्या वेळी जहाजावरच्या जागेवरून वाजलं, तेव्हा हा रागारागाने वेगळं जहाज भाड्याने घेऊन आइसलंडला निघाला. वाटेत मुक्कामाला थांबला असताना एका गृहस्थाने या बेटाबद्दल सांगितलं, म्हणून वाकडी वाट करून गेला. म्हणजे स्टाफा मूळ प्लॅनमध्ये नव्हतंच! आणि बेटावर आधीपासून घर होतं, माणसं होती. गुहेला त्यांच्या गेलिक भाषेत नावही होतं, 'गोड आवाजाची गुहा' अशा अर्थाचं. बँक्सने वाटाड्याला नाव विचारलं. मिळालेल्या उत्तरात त्याला 'फिन मॅककूल' ऐकू आलं, म्हणजे दंतकथांमधला वीर. त्या काळात मॅकफर्सनच्या 'फिंगल' काव्याने युरोपला वेड लावलं होतं, त्यामुळे लगेच 'फिंगलची गुहा' झाली. हा ऐकण्यातला घोळ असावा असं बरेच जण मानतात. नकाशावर मात्र तेच नाव राहिलं.

पुढच्याच वर्षी, १७७३ मध्ये, डॉक्टर जॉन्सन आणि बॉसवेल इथून गेले. बेट दिसलं, पण लाटा इतक्या उसळत होत्या की उतरता आलं नाही. इंग्रजीचा शब्दकोश लिहिणारा माणूस लांबूनच बघून परत!

१८२९ मध्ये मेंडेल्सन आला, वय २०. त्याची 'हेब्रिडीज' ही रचना 'फिंगलची गुहा' म्हणूनही ओळखली जाते आणि गुहा पाहून त्याला ती सुचली असं आपण ऐकतो. पण तिचे पहिले सूर त्याने घरच्यांना पाठवले त्या पत्रावर ७ ऑगस्ट ही तारीख आहे, आणि तो स्टाफाला गेला ८ तारखेला. प्रत्यक्ष ट्रिपमध्ये त्याला बोट लागली होती. बरोबरच्या मित्राने घरी लिहिलेल्या पत्रात याची चांगलीच थट्टा केली आहे.

माझा सगळ्यात आवडता किस्सा टर्नरचा. १८३१ सालची वाफेची बोट, हवा खराब. स्टाफाला उतरायला मिळालं, पण तासभरच. काही जण गुहेत गेले, काहींनी नको म्हटलं. बोटीवर परतल्यावर कॅप्टन म्हणाला, आयोनाचं काही खरं नाही. मग चक्क मतदान झालं आणि बहुमत पडलं परत फिरण्याच्या बाजूने. नाराज मंडळींची समजूत काढायला कॅप्टनने बेटाला तीन फेर्‍या मारायचं कबूल केलं. त्याच वेळी मावळतीचा सूर्य पावसाच्या ढगांमधून फुटून बाहेर आला. पुढच्या वर्षी टर्नरने प्रदर्शनात मांडलेल्या चित्रात तोच सूर्य आहे, काळा धूर सोडणारी ती बोटही आहे. त्या दिवशी आयोना झालं असतं तर आज ते चित्र नसतं.

तर माझं शीट. त्यात मी प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याला बांधला होता. म्हणजे एक लाट मोठी आली की दिवसाचं बिल्ड फेल! शिवाय गुहेकडे जायला ओल्या खांबांच्या डोक्यांवरून चालावं लागतं, आधाराला कडेचा दोर. 'इतक्या लांबून आलोय' म्हणून मी हट्टाने आईला तिथे उतरवलं असतं, याची मला जवळजवळ खात्री आहे. हिरव्या रकान्याचा धोका हाच असतो.

नवा प्लॅन असा. एक नाही, दोन दिवस. आयोना वेगळ्या दिवशी, कारण तिथे दहा मिनिटांची साधी फेरी जाते. सन ५६३ मध्ये आलेल्या संत कोलंबाचा मठ आईलाही निवांत बघता येईल. लुंगा या वेळी रद्द. स्टाफाला बोटवाला म्हणेल तर उतरायचं, नाहीतर बोटीतूनच एक चक्कर मारायची. आईला उतरावंसं वाटलं नाही तर मीही बोटीतच बसेन. त्या रकान्याला मी 'टर्नर' असं नाव दिलंय :)

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. या सगळ्या गोष्टींमध्ये प्रवाशांची नावं उरली. जॉन्सनला न उतरवता सुखरूप पुढे नेणारे नावाडी आणि बँक्सला गुहेचं नाव सांगणारा तो वाटाड्या कोण होते, हे कुणी फारसं विचारत नाही. खरं तर ट्रिप त्यांच्याच शब्दावर ठरत होती. आमचीही तशीच ठरेल. त्यामुळे आमचा बोटवाला 'आज नाही' म्हणाला तर वाद घालायचा नाही, हे शीटच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवलंय. स्वतःसाठीच.

असो. आता सुट्टीचा अर्ज टाकायचाय, एक दिवस वाढवून.